नेमकी प्रतिकारशक्ती

करोनाच्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला आपल्या घराघरांत मुक्कामाला आला, तो अजून गेलेला नाही. काढे, चूर्णे, सिरप, गोळ्या, सगळ्यांवर तोच शिक्का. भिलाईत सिव्हिक सेंटरमधल्या औषधांच्या दुकानापासून पॉवर हाऊसच्या बाजारात जडीबुटी मांडून बसणाऱ्यापर्यंत सगळे हीच एक गोष्ट विकतात. प्रतिकारशक्ती कमी-जास्त करता येते आणि ती जितकी जास्त तितके बरे, अशी समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. ज्या माणसांविषयी हे पुस्तक आहे, त्यांच्या रक्ताने ही समजूत खोडून काढली आहे.

ही माणसे एचआयव्हीची लागण झालेली, पण उपचाराची एकही गोळी न घेता विषाणूला वर्षानुवर्षे दाबून ठेवणारी. त्यांच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या पन्नास प्रतीही सापडत नाहीत. उपचार न घेतलेल्या इतर रुग्णांत हा आकडा हजारांत, कधी लाखांत असतो. संशोधक त्यांना ‘एलिट कंट्रोलर’ म्हणतात. इथे आपण नुसते ‘नियंत्रक’ म्हणू. लागण झालेल्या साधारण तीनशे जणांत असा एखादा निघतो. त्यांच्या शेजारचा, पण थोडा मोठा गट आहे तो दीर्घकाळ न ढासळणाऱ्यांचा. त्यांच्या रक्तात विषाणू सापडतो, मात्र सीडी४ पेशींची संख्या उपचाराशिवायही बरीच वर्षे पाचशेच्या वर टिकून राहते. हे दोन्ही गट वाचताना वेगळे ठेवावेत. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत ते नेहमी एकमेकांत मिसळलेले असतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

एचआयव्ही ज्या पेशींत शिरतो त्या सीडी४ पेशी म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या सूत्रधार. त्यातही ज्या जाग्या आहेत, कामाला लागल्या आहेत, त्यांच्यात तो अधिक सहज वाढतो. म्हणजे शरीराने नुसता जोर लावला, पेशींच्या फौजा उभ्या केल्या, तर विषाणूला वाढायला आणखी जागा मिळते. पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबी या माकडांच्या रक्तात एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एसआयव्ही भरपूर असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. सुरुवातीची झुंज संपली की त्यांची प्रतिकारयंत्रणा शांत होते. हाच विषाणू आशियातल्या मकाक माकडांत गेला की त्यांची यंत्रणा कायम पेटलेली राहते आणि ती एड्सने मरतात. माणसांतही तेच दिसले. आजार पुढे गेलेल्या रुग्णांत मृत्यू किती जवळ आहे याचा अंदाज विषाणूच्या संख्येपेक्षा टी-पेशींच्या पेटलेपणावरून अधिक चांगला बांधता येतो, असे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवले.

मग नियंत्रकांकडे असे काय आहे?

आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे, आठ-दहा अमिनो आम्लांचे, आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवते. ही मांडणी करणाऱ्या रेणूंना एचएलए म्हणतात. सीडी८ पेशी शरीरभर फिरत हे तुकडे तपासतात. एखादा तुकडा परका वाटला की त्या पेशीच्या आवरणाला भोके पाडणारी आणि आत मृत्यूचा आदेश पोचवणारी प्रथिने सोडतात, आणि पेशी तिच्यातल्या विषाणूसकट संपते. माकडांवरच्या प्रयोगांत सीडी८ पेशी काढून टाकल्या, तेव्हा दबलेला विषाणू काही दिवसांत उसळून वर आला. नियंत्रणाचे काम मुख्यतः याच पेशी करतात, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

कोणाचा एचएलए कोणते तुकडे मांडतो हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. २०१० मध्ये बोस्टनच्या ब्रूस वॉकर यांच्या पुढाकाराने जगभरातल्या ९७४ नियंत्रकांची आणि आजार वाढत गेलेल्या २,६४८ रुग्णांची जनुके ताडून पाहण्यात आली. संपूर्ण जनुकसंच धुंडाळला. फरकाच्या तीनशेहून अधिक जागा निघाल्या आणि त्या सगळ्या सहाव्या गुणसूत्रावर, एचएलएच्या भागात होत्या. आणखी खोलात गेल्यावर सगळे येऊन थांबले ते एचएलए-बी या रेणूच्या खाचेतल्या मोजक्या अमिनो आम्लांवर, म्हणजे विषाणूचा तुकडा जिथे बसतो नेमक्या त्या जागेवर. बी५७ आणि बी२७ ही एचएलएची रूपे नियंत्रकांत वारंवार आढळतात. बी३५ची काही रूपे असणाऱ्यांचा आजार उलट वेगाने वाढतो.

ही खाच काय साधते, हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. एचआयव्ही स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो. उपचार नसलेल्या शरीरात रोज अब्जावधी विषाणू तयार होतात आणि त्यांच्यात दर पिढीला नवे बदल येतात. सीडी८ पेशींनी एखादा तुकडा ओळखला की काही आठवड्यांत तो तुकडा बदललेले विषाणू पुढे येतात आणि पेशी त्यांना ओळखत नाहीत. बाहेरच्या आवरणातले प्रथिन तर हवे तसे बदलता येते. पण विषाणूच्या आतले गॅग नावाचे प्रथिन तसे नाही. त्याचा पी२४ हा भाग पंधराशेच्या आसपास प्रतींमध्ये एकमेकांत अडकून शंकूच्या आकाराचे कवच बनवतो, आणि विषाणूचा जनुकीय मजकूर त्या कवचात राहतो. जात्याच्या पाळीला टवका उडाला तरी दळण थांबत नाही, खुंटा हलला की थांबते. बी५७ आणि बी२७ गॅगचे असे काही तुकडे पुढे मांडतात, जे विषाणूचा खुंटा आहेत.

विषाणू तिथूनही निसटतो, पण किंमत मोजून. बी५७ असलेल्या माणसात गॅगच्या २४२व्या जागी बदल करून तो सुटका करून घेतो आणि त्याची वाढ मंदावते. हाच बदललेला विषाणू बी५७ नसलेल्या दुसऱ्या माणसाच्या शरीरात गेला, की पाठलाग संपल्यामुळे तो आपले जुने रूप परत धारण करतो. हे २००४ मध्ये दिसले. विषाणूने स्वतःच कबुली दिल्यासारखे हे निरीक्षण आहे, आणि या सगळ्या वाङ्मयात मला ते सर्वांत मोलाचे वाटते. २०१९ मध्ये गौरव गैहा आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या प्रथिनांची रचना गणिताने तपासली. कोणते अमिनो आम्ल किती शेजाऱ्यांशी जोडलेले आहे आणि ते काढल्यास किती जोड तुटतात, याचा हिशेब मांडला. नियंत्रकांच्या सीडी८ पेशी सर्वाधिक जोड असलेल्या जागांवर मारा करत होत्या. विशेष म्हणजे ज्या नियंत्रकांकडे बी५७ वा बी२७ नव्हते, त्यांच्यातही हाच नेम दिसला.

माऱ्याच्या संख्येपेक्षा तो कुठे बसतो हे महत्त्वाचे, याची आणखी एक साक्ष दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची आहे. तिथला विषाणू सी उपप्रकाराचा, म्हणजे भारतात जो प्रामुख्याने आढळतो तोच. २००७ मध्ये तिथल्या उपचार न घेतलेल्या ५७८ रुग्णांच्या अभ्यासात दिसले की ज्यांच्या सीडी८ पेशी गॅगचे जास्त तुकडे ओळखत होत्या, त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची संख्या, कमी होता. ज्यांच्या पेशी बाहेरच्या आवरणाचे जास्त तुकडे ओळखत होत्या, त्यांचा उलट जास्त होता. भरपूर प्रतिसाद, चुकीच्या जागी.

त्याच वर्षी एचआयव्ही लशीची ‘स्टेप’ ही मोठी चाचणी थांबवावी लागली. लस घेतलेल्यांच्या रक्तात सीडी८ प्रतिसाद दिसत होते आणि कागदावर सगळे ठीक होते. तरी लागण रोखली गेली नाही. ज्यांच्या अंगात लशीच्या वाहक विषाणूविरुद्ध आधीच प्रतिपिंड होते, अशा काहींमध्ये तर लागणीचे प्रमाण वाढलेले आढळले. पुण्यातही २००५ मध्ये एका लशीची भारतातली पहिली मानवी चाचणी सुरू झाली होती. ती लस सुरक्षित ठरली, पण तिने जागवलेला प्रतिसाद फारच क्षीण होता. या अपयशांची खंत करण्यापेक्षा त्यांच्यातून काय निघाले ते पाहावे. लस बनवणारे आज संख्येऐवजी नेम मोजू लागले आहेत, आणि ते त्यांना नियंत्रकांनी शिकवले.

प्रतिकाराचे बाकीचे पैलू थोडक्यात सांगतो, पुढच्या प्रकरणांत ते विस्ताराने आहेत. नियंत्रकांच्या सीडी८ पेशी एकाच वेळी अनेक कामे करू शकतात आणि गरज पडताच झपाट्याने वाढतात. त्यांना मदत करणाऱ्या, एचआयव्ही ओळखणाऱ्या सीडी४ पेशीही टिकून राहतात. हे १९९७ मध्येच दिसले होते. बाधित पेशींना मारणाऱ्या नॅचरल किलर पेशींच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने आणि एचएलए-बी यांची जोडी जमली तर आजार मंद होतो. आणि काही माणसे निव्वळ दुबळ्या विषाणूमुळे वाचतात. सिडनीत एका रक्तदात्याच्या रक्तातून लागण झालेले लोक बराच काळ धडधाकट राहिले, कारण त्या विषाणूच्या नेफ जनुकाचा तुकडाच गळालेला होता. अशी उदाहरणे नियंत्रणाच्या खात्यात जमा करू नयेत.

आता आपल्याकडची गोष्ट. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सापडली ती १९८६ मध्ये मद्रासला. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी ती शोधली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये वाढलेल्या मराठी घरातल्या. देशातल्या अनेक डॉक्टरांनी या रुग्णांना हात लावायला नकार दिला, त्या काळात त्यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र उभे केले आणि रुग्णांना तपासत राहिल्या. २०१५ मध्ये त्या गेल्या. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना, भिलाईतल्या तर नक्कीच, हे नाव माहीत असायला हवे.

पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. ‘नारी’ म्हणून लोक ती ओळखत. आता तिच्या नावात विषाणुशास्त्राचीही भर पडली आहे. तिथल्या संशोधकांनी १९९३पासून पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांचा पाठपुरावा केला. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले त्यातले एक निरीक्षण आजही अस्वस्थ करते. दवाखान्यात आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित होत्या. बहुतेक विवाहित होत्या आणि नवरा हाच त्यांचा एकमेव जोडीदार होता. आपल्याकडच्या साथीचे खरे रूप या अभ्यासाने पुढे आणले. बदनामी मात्र त्यानंतरही बाईच्याच वाट्याला येत राहिली.

हा तपशील इथे मुद्दाम दिला. नियंत्रकांवरचे संशोधन बोस्टनच्या चकचकीत प्रयोगशाळांतून आले असे वाटते, पण न ढासळणारी माणसे सापडतात ती वर्षानुवर्षे त्याच दवाखान्यात येत राहणाऱ्या, दर वेळी रक्त देणाऱ्या लोकांतूनच. समुपदेशकाने नाव-पत्ता गुप्त ठेवला म्हणून ती परत येतात. घरी काय सांगायचे याची रोजची चिंता वाहत येतात. पुण्यात असा विश्वास उभा राहिला, म्हणूनच पुढचे प्रयोग शक्य झाले.

त्यातला एक २०१७चा. अर्चना कुलकर्णी, माधुरी ठकार आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ न ढासळणाऱ्या भारतीय रुग्णांच्या प्रतिपिंडांचा अभ्यास केला. प्रतिपिंड विषाणूला थेट निकामी करतो ही त्याची एक रीत. दुसरी रीत कमी परिचित आहे. प्रतिपिंड बाधित पेशीवर जाऊन बसतो, त्याचे मोकळे टोक नॅचरल किलर पेशी पकडते आणि ती बाधित पेशीला मारते. पुण्याच्या अभ्यासात न ढासळणाऱ्यांमध्ये ही दुसऱ्या रीतीची ताकद अधिक आणि अधिक व्यापक आढळली. त्यांचे प्रतिपिंड विषाणूच्या आवरणातला व्ही३ हा भाग आणि टॅट या प्रथिनातला एक भाग विशेषकरून ओळखत होते. इथेही निकाल तोच, कोणता भाग ओळखला यावर सगळे अवलंबून. थायलंडमधल्या २००९च्या लसचाचणीत लागण सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाली होती. त्या यशाची कारणे शोधताना अशाच, विषाणूला थेट निकामी न करणाऱ्या प्रतिपिंडांकडे बोट दाखवले गेले. भोसरी आणि थायलंड यांच्यातला हा दुवा आपल्या वाचकाला कोणी सांगत नाही.

या वरदानाची किंमतही सांगायला हवी, आणि ती छत्तीसगडच्या वाचकाला चटकन कळेल. आपल्याकडे सिकलिंग माहीत नाही असे घर विरळा. सिकल पेशींचे जनुक एका पालकाकडून आले तर जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, दोन्हींकडून आले तर आयुष्यभराचा आजार. निसर्गाने दिलेल्या संरक्षणाला अशी दुसरी बाजू असतेच. बी२७ एचआयव्हीला रोखतो, पण पाठीच्या मणक्यांचे सांधे आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी त्याचे जुने नाते आहे. बी५७च्या एका रूपात अबॅकॅव्हिर हे एचआयव्हीचेच औषध दिले, तर अंगावर पुरळ, ताप आणि कधी प्राणघातक प्रतिक्रिया होते, म्हणून ते देण्याआधी जनुकाची चाचणी करतात. नियंत्रकांची यंत्रणाही पूर्ण शांत नसते. त्यांच्या रक्तात सूज दाखवणारी द्रव्ये निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळतात आणि मानेतल्या रोहिणीच्या भिंती जाड झालेल्या दिसल्या आहेत. काहींच्या सीडी४ पेशी विषाणू सापडत नसतानाही हळूहळू घटतात, आणि काहींचे नियंत्रण बऱ्याच वर्षांनी सुटते.

हे सगळे लिहिताना एका गोष्टीची मला सतत धास्ती वाटत राहिली, ती स्पष्टच लिहितो. उपचार नसतील तर एचआयव्हीची लागण झाल्यापासून एड्स होईपर्यंत सरासरी दहाएक वर्षे जातात. म्हणजे ज्याला लागण झाली आणि ज्याने पाच-सहा वर्षे कुणाचा तरी काढा घेतला, तो त्या काळात बहुधा ठणठणीतच राहणार, काढा घेतला नसता तरीही. या दहा वर्षांच्या शांततेवर आपल्याकडे किती दुकाने चालली! आणि त्या गर्दीत चुकून एखादा नियंत्रक निघाला, तर त्याची कहाणी आयुष्यभराची जाहिरात होते. औषधे व प्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये जे आजार बरे करण्याचा दावा करायला मनाई आहे, त्यांत एड्सचे नाव आहे. तरी दावे थांबत नाहीत. उपचार सोडून अशा दाव्याच्या मागे गेलेला माणूस क्षयाने अंथरुणाला खिळून परत येतो, तेव्हा डॉक्टरच्या हातात फार थोडे उरलेले असते. नियंत्रक म्हणजे कोण आणि का, हे मराठीत नीट सांगितले तर निदान काही जण या फसवणुकीतून वाचतील. हे पुस्तक हवे असे मला वाटले ते मुख्यतः यासाठी.

विषाणू शरीरातून पूर्ण जाऊ शकतो का, या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत नवे वळण मिळाले. एचआयव्ही पेशीत शिरला की आपला मजकूर पेशीच्या जनुकांत शिवून ठेवतो. औषधे ही शिवण उसवू शकत नाहीत, म्हणून गोळ्या थांबवल्या की विषाणू परत येतो. २०२० मध्ये शू यू आणि मथायस लिश्टरफेल्ड यांच्या गटाने ६४ नियंत्रकांच्या आणि उपचारावरच्या ४१ रुग्णांच्या पेशींत विषाणू नेमका कुठे शिवला गेला आहे ते तपासले. नियंत्रकांत तो बरेचदा जनुकसंचाच्या ओसाड भागात, जिथे जनुके फारशी वाचलीच जात नाहीत अशा ठिकाणी होता. तिथून तो बाहेर डोके काढू शकत नाही. तो मुळात ओसाड भागातच गेला असे बहुधा नाही. जिथे जनुके जागी आहेत तिथे बसलेला विषाणू वारंवार दिसत राहिला आणि सीडी८ पेशींनी वर्षानुवर्षे त्याला वेचून काढले; उरला तो कोपऱ्यातला, असे संशोधकांना वाटते. त्याच अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या एका स्त्रीच्या दीड अब्ज पेशी तपासूनही अखंड विषाणू सापडला नाही. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनातल्या दुसऱ्या एका स्त्रीबद्दल असाच अहवाल आला. दोघींवरही अस्थिमज्जा बदलण्यासारखा उपचार झालेला नव्हता.

अशी माणसे मोजकीच, मग बाकीच्यांना त्याचा काय उपयोग? फ्रान्समधल्या चौदा रुग्णांची हकिगत याचे उत्तर देते. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांना लागण होताच थोड्या आठवड्यांत उपचार मिळाले, काही वर्षांनी ते थांबवले गेले, आणि तरी विषाणू दबलेलाच राहिला. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे बी५७ वा बी२७ नव्हते. उलट काहींकडे आजार वाढवणारे बी३५ होते. जन्मजात देणगी नसलेल्या शरीरालाही, योग्य वेळी मदत मिळाली तर, हे साधू शकते. उपचारातून नियंत्रण निर्माण करण्याच्या आजच्या सगळ्या प्रयत्नांना या चौदा जणांनी बळ दिले.

आणखी एक जुळणी पाहण्यासारखी आहे. २०२४ मध्ये लेनाकॅपॅव्हिर या औषधाच्या चाचणीचे निकाल आले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या दोन हजारांहून अधिक तरुण स्त्रियांना ते वर्षातून दोनदा टोचले गेले आणि त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. हे औषध विषाणूच्या कुठल्या भागाला धरते? त्याच पी२४च्या कवचाला. रसायनशास्त्रज्ञ आणि बी५७ची माणसे दोन वेगळ्या वाटांनी विषाणूच्या त्याच दुखऱ्या जागेवर पोचली.

नियंत्रकांच्या अभ्यासाचा काळ मात्र आता बदलला आहे, आणि ते चांगलेच झाले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधे, मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा ती सीडी४ घसरलेल्यांनाच मिळे. २०१५ च्या ‘स्टार्ट’ चाचणीने लागण कळताच उपचार सुरू करण्याचा फायदा निर्विवाद दाखवला. २०१७ पासून आपल्याकडेही सीडी४ कितीही असो, निदान झाले की गोळी सुरू होते. त्यामुळे उपचाराशिवाय दहा वर्षे टिकून राहिलेली माणसे पुढे फारशी सापडणार नाहीत. ज्यांना आपण नियंत्रक असल्याचे कळले आहे त्यांनीही उपचाराचा निर्णय आपल्या एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. वर सांगितलेली सूज आणि सुटणारे नियंत्रण पाहता, माझे मत गोळीच्या बाजूने आहे. आणि हे सगळे बोलणे गुप्त राहण्याचा हक्क २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिला आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना यांपैकी कुठेही लागणीवरून भेदभाव करता येत नाही. कारखान्यातल्या कंत्राटी कामगारापर्यंत ही माहिती पोचायला हवी, कारण सर्वांत जास्त भीती त्यालाच असते.

भिलाईतून हे लिहिताना शेवटी एक मागणी करतो. सोव्हिएत संघाशी झालेल्या १९५५ च्या करारानंतर इथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. नागपूर, भंडारा, गोंदियाची आपली मराठी कुटुंबे त्यांतलीच. भोवती गोंड, हलबा आणि इतर समाजांची शतकानुशतकांची वस्ती. मुंबईहून कोलकात्याला जाणारा जी. ई. रोड याच गर्दीतून जातो, आणि ट्रकचालकांच्या त्या वाटेने साथही आली. एचएलएची विविधता इथे दाट असणार. नियंत्रणाचे जनुकीय नकाशे मात्र मुख्यतः युरोपीय आणि आफ्रिकी रक्तावर काढलेले आहेत. रायपूरला २०१२ पासून एम्स आहे, मेकाहारा हे सरकारी रुग्णालय आहे, सिकलिंगसाठी घरोघर जाऊन रक्त तपासण्याचा अनुभव असलेले कार्यकर्ते आहेत. गॅगचे कुठले तुकडे इथल्या लोकांचे एचएलए पुढे मांडतात, हे उपचारावर असलेल्या रुग्णांच्या रक्तातूनही तपासता येते. त्यासाठी कोणाची गोळी थांबवावी लागत नाही. सी उपप्रकारासाठी जी लस बनेल ती या माणसांनाही लागू पडावी असे वाटत असेल, तर त्यांचे रक्त त्यांच्या संमतीने आणि सन्मानाने या अभ्यासात यायला हवे, आणि ते काम रायपूर, नागपूर आणि पुणे यांनी मिळून आताच हाती घ्यावे.